दहा दिवसांत व्हिएतनाम, एकटीनं: गावं नको, रात्री मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये दहा दिवसांची रजा आहे. पाठीवर एक सॅक घेऊन व्हिएतनाम उत्तरेकडून दक्षिणेकडे एकटीनं पार करायचा आहे. परदेशात एकटी जाण्याची ही पहिलीच वेळ. यादीत हनोई, सापा, 'हा लाँग बे' हा उपसागर, निन्ह बिन्ह, फाँग न्या, हुए, दा नांग, होई आन, दा लात, सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. "ताई, हे सगळं बसेल का आणि बसवायचं कसं?"

बसणार नाही. ठिकाणं अकरा आणि रात्री नऊ, इथेच हिशोब फसतो. पण उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जायची तुझी इच्छा मात्र पुरी होऊ शकते, आणि तीही धावपळ न करता. त्यासाठी यादी कशी कापायची ते आधी सांगते, मग मार्ग.

एकटं फिरणाऱ्यांचे प्रवास आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पहिल्यांदा निघणारा जवळजवळ प्रत्येक जण गावं मोजतो. मोजायचं असतं ते मुक्काम हलवणं. गाव जवळचं असो वा लांबचं, मुक्काम हलवला की अर्धा दिवस जातोच. सकाळी सॅक भरायची, खोली सोडायची, स्टेशनवर वेळेआधी पोचायचं, गाडी उशिरा आली तर थांबायचं, उतरल्यावर नव्या गावात दिशा शोधायची, आणि खोली मिळते दुपारी दोनला. दोघं-तिघं असतील तर एक जण सामानापाशी थांबतो, दुसरा तिकीट बघतो, तिसरा पाणी आणतो. तू एकटी असशील. स्वच्छतागृहात जातानाही सॅक तुझ्याच पाठीवर असेल आणि "आता इकडे की तिकडे" हा प्रत्येक निर्णय तुझाच असेल. या निर्णयांचा शीण येतो, आणि तो चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम जाणवतो. म्हणून एकटीच्या दहा दिवसांत मुक्काम चार वेळा हलवणं पुष्कळ झालं. त्यातलं एक हलणं झोपेत उरकता आलं तर फारच छान.

दुसरं, नकाशा इथे फसवतो. व्हिएतनाम अरुंद आहे, मधल्या भागात एका ठिकाणी तर जेमतेम ५० किलोमीटर रुंद, त्यामुळे देश छोटा वाटतो. पण हनोई ते सायगॉन लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि तो एक मीटर रुंदीचा, एकेरी आहे. चांगली गाडीसुद्धा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस तासांच्या वर घेते.

आता कापाकापी. सापा सगळ्यात आधी काढ. सापाला लोक भातशेतीच्या पायऱ्या बघायला जातात. त्यांत पाणी भरतं ते मे-जूनच्या सुमाराला आणि पीक सोनेरी होतं सप्टेंबरात. मार्चमध्ये पायऱ्या बहुतेक उघड्या आणि वर धुकं. जायला-यायला मिळून एक दिवस घालवून हे बघणं मला पटत नाही. हा लाँग बे दुसरी. उत्तरेत मार्चमध्ये बारीक झिमझिम आणि राखाडी आकाश ही नेहमीची गोष्ट, आणि रात्रीच्या बोटीवर एकट्या माणसाला अख्ख्या खोलीचं भाडं पडतं. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सुळके तिथे आहेत, तसेच सुळके निन्ह बिन्हला भातशेतीतून आणि नदीतून वर आलेले आहेत, आणि ते झिमझिमीतही सुंदर दिसतात. दा लात थंड हवेचं गाव आहे, सायगॉनपासून बसनं सहा-सात तास. तुझ्या मार्गापासून ते बाजूला पडतं, म्हणून नको. मेकाँगची एका दिवसाची सहल म्हणजे बराचसा वेळ बसमध्ये. खरा मेकाँग बघायला तिथे राहावं लागतं.

फाँग न्या कापताना मात्र मलाही जड जातं. जगातली सगळ्यात मोठी मानली जाणारी सोन दूंग गुहा त्याच राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे परवान्याच्या मोहिमेखेरीज जाता येत नाही, पण सर्वांना खुल्या असलेल्या गुहासुद्धा थक्क करणाऱ्या आहेत. अडचण एवढीच, की दाँग होई स्टेशनवर उतरून पुढे साधारण ४५ किलोमीटर जावं लागतं आणि दोन रात्रींशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. गुहांची मनापासून ओढ असेल तर पुढे सांगितलेल्या मार्गातून सायगॉन काढ, आणखी एक रात्र दुसऱ्या एखाद्या मुक्कामातून कमी कर आणि परतीचं विमान दा नांगहून घे. फाँग न्या आणि सायगॉन दोन्ही मात्र नको.

मी तुला सुचवते तो मार्ग असा. पहिल्या दोन रात्री हनोई. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निन्ह बिन्ह, तिथे एक रात्र. चौथा दिवस पूर्ण निन्ह बिन्हला आणि रात्रीच्या गाडीनं हुए. पाचवी आणि सहावी रात्र हुए. सातव्या दिवशी सकाळी रेल्वेनं दा नांग आणि तिथून रस्त्यानं होई आन, दोन रात्री. नवव्या दिवशी दुपारी दा नांगहून विमानानं सायगॉन, तिथे शेवटची रात्र, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री परतीचं विमान. मुक्काम चारदाच हलतो, त्यातला एक झोपेत.

हुएला दोन रात्री कशाला, असं तू विचारशील. सहावा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. रात्रीची गाडी रद्द झाली, पोट बिघडलं, ताप आला किंवा नुसतीच दमलीस, तर हा दिवस खर्च कर. बाकीच्या प्रवासाला धक्का लागणार नाही. बरेच जण असा दिवस शेवटी ठेवतात, पण बिघाड मधे होतो तेव्हा शेवटचा मोकळा दिवस उपयोगी पडत नाही, कारण मधली सगळी तिकिटं आधीच चुकलेली असतात. आणि काहीच बिघडलं नाही तर हुए हे दोन दिवस राहण्याजोगं गाव आहेच.

यातून विमानाच्या तिकिटाचा नियम निघतो: जाताना हनोईला उतर, येताना सायगॉनहून चढ. जाण्या-येण्याचं एकाच शहराचं तिकीट कधी कधी स्वस्त दिसतं, पण मग पुन्हा हनोईला परतायचा खर्च आणि एक दिवस त्यात धरला की ते महागच पडतं. तिकीट काढताना सॅक केबिनमध्ये नेण्याचं वजन बघून घे. व्हिएतनामच्या स्वस्त विमान कंपन्या ७ किलोची मर्यादा पाळायला लावतात आणि विमानात चढण्याच्या फाटकाजवळ वजन करतात.

तिकीट पक्कं झाल्यावरच ई-व्हिसाचा अर्ज कर, कारण अर्जात कुठल्या विमानतळावरून आत येणार ते निवडावं लागतं. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क २५ डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट व्हीएन'नं संपतो. शोधलं की तसलीच दिसणारी खासगी संकेतस्थळं आधी वर येतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, आडनाव-वडिलांचं नाव सगळं त्याच क्रमानं भर. एका अक्षराची चूक झाली तर शुल्क परत मिळत नाही, नवा अर्ज करावा लागतो. आपल्याकडून जाणारी विमानं बहुधा रात्री निघून दुसऱ्या दिवशी पहाटे उतरतात, त्यामुळे तारखांचा गोंधळ होतो. व्हिसाची सुरुवात उतरण्याच्या दोन दिवस आधीची टाक. नव्वद दिवसांतले दोन वाया गेले तरी बिघडत नाही, पण एक दिवस आधी पोचलीस तर आत घेत नाहीत. कागदावर दोन प्रती छापून ने. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा.

आधीपासून काय आरक्षित करायचं आणि काय सोडून द्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. हनोईच्या दोन रात्री, रात्रीच्या गाडीचा बर्थ, दा नांग-सायगॉन विमान आणि सायगॉनची शेवटची रात्र एवढं घरूनच कर. मधली राहण्याची ठिकाणं दोन-तीन निवडून ठेव, पण फुकट रद्द करता येतील अशीच घे. मार्चमध्ये खोल्यांची टंचाई नसते. तेत, म्हणजे तिथलं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. त्या काळात देश घरी जात असतो, गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद. तू त्यातून सुटलीस. कुणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाच मार्ग विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं, कारण तेव्हा हुए आणि होई आनला पूर येतात.

रात्रीच्या गाडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरच्यांना काळजी तिचीच असणार. हनोईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना विषम क्रमांक असतात, एसई १, एसई ३ असे. उत्तरेकडे येणाऱ्यांना सम. तिकीट घेताना हे बघितलं की दिशा चुकत नाही. निन्ह बिन्हहून हुए ५७३ किलोमीटर. रात्री दहा-अकराच्या आसपास निघालीस तर सकाळी दहाच्या सुमाराला पोचतेस. 'सॉफ्ट स्लीपर' म्हणजे चार बर्थचा, दार लागणारा कप्पा, आणि 'हार्ड स्लीपर' म्हणजे सहा बर्थचा. सहाच्या कप्प्यात सगळ्यात वरच्या बर्थवर नीट बसताही येत नाही. चारचा कप्पा घे आणि त्यात वरचा बर्थ घे. खालचा महाग असतो आणि बसायला सोयीचा, पण दिवस उजाडला की त्यावर सगळेच बसतात. वर तुझी जागा तुझीच राहते. कप्पे स्त्री-पुरुष मिश्र असतात, बहुधा कुटुंबं असतात. सॅक उशाशी, पासपोर्ट आणि पैसे अंगावर. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेव म्हणजे गाडी कुठवर आली ते इंटरनेटशिवाय कळतं, आणि हुएच्या अर्धा तास आधीचा गजर लाव. रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर परदेशी कार्ड कधी कधी चालत नाही. तसं झालं तर एजंटाकडून घे, थोडं कमिशन जाईल.

गाडीऐवजी स्लीपर बस स्वस्त पडते, म्हणून लोक तिकडे वळतात. तीन रांगा, दोन मजले, चढताना चालक प्लॅस्टिकची पिशवी हातात देतो आणि बूट त्यात घालून आत जायचं. बर्थ म्हणजे पाय एका खोक्यात सरकवून अर्धवट आडवं पडायची खुर्ची. वाईट नाही. पण या बसेस पहाटे चारलासुद्धा महामार्गाच्या कडेला उतरवून मोकळ्या होतात. अनोळखी देशात, अंधारात, एकटीनं उतरायचं नाही, हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. दर वेळी नव्या गावात उजेडी पोचायचं. या एका नियमानं निम्म्या अडचणी जन्मालाच येत नाहीत.

हनोईला पहाटे उतरशील आणि खोली दुपारी मिळेल. सामान ठेवून घेणारं होस्टेल बघ, बहुतेक ठेवतात. फक्त स्त्रियांसाठी वेगळी डॉर्म असलेली होस्टेलं जुन्या हनोईत भरपूर आहेत. विमानतळ शहरापासून साधारण २७ किलोमीटर, आणि ८६ क्रमांकाची बस तिथून जुन्या वस्तीजवळून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. पहिल्या दिवशी काहीच ठरवू नकोस. होआन किएम तळ्याला चक्कर मार, जेव, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर सोमवार आणि शुक्रवार टाळ, त्या दिवशी बंद असते. बाकीच्या दिवशीही फक्त सकाळीच उघडी असते, आणि खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात.

रस्ता ओलांडणं हे हनोईतलं पहिलं खरं काम. तिथे वाहनं उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. स्कूटरचा लोंढा थांबत नाही आणि त्याची वाट बघत राहिलीस तर दिवस मावळेल. एका संथ, सारख्या चालीनं पुढे जायचं. स्कूटरवाले तुझी चाल बघून तुला वळसा घालतात. मधेच थबकलीस किंवा मागे पाऊल घेतलंस तर त्यांचा अंदाज चुकतो. बस आणि मोटारी मात्र वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ दे. पहिल्यांदा एखाद्या आजीबाईच्या शेजारून ओलांड, तिची चाल बघ.

निन्ह बिन्हला शहरात राहू नकोस, स्टेशनपासून सातेक किलोमीटरवरच्या ताम कोकला राहा. सायकल घे आणि शेतांमधून फिर, मार्चमध्ये भात हिरवागार असतो. ताम कोकच्या होड्यांवर वल्ही पायांनी मारतात: नावाडीण मागे रेलून बसते, दोन्ही तळपाय वल्ह्यांच्या दांड्यांवर ठेवते आणि हात मोकळे. गुहांमधून होडी नेताना तेवढं डोकं खाली घाल, छत फार खाली येतं. चांग आनचा होडीमार्ग जास्त मोठा, सुमारे तीन तासांचा, आणि ते ठिकाण २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे होडीत चार जण बसवतात, त्यामुळे एकटीला बाकीचे तिघं जमेपर्यंत थांबावं लागतं. सकाळी लवकर गेलीस तर लगेच जमतात. हांग मुआ टेकडीला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, झिमझिमीत त्या निसरड्या होतात, चांगल्या तळव्याचे बूट घाल. खोली सकाळी सोडावी लागेल, गाडी रात्री. बहुतेक होमस्टे सामान ठेवून घेतात आणि निघण्याआधी अंघोळ करू देतात. खोली घेतानाच विचारून ठेव.

हुए ही न्युएन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. राजवाड्याच्या तटबंदीत शिरलीस की मधेच मोकळी मैदानं लागतील. तिथे इमारती होत्या, त्यातल्या बऱ्याचशा युद्धांत, विशेषतः १९६८ च्या लढाईत, गेल्या. राजांच्या समाध्या गावाबाहेर नदीकाठी पसरलेल्या आहेत. सगळ्या बघायच्या मागे लागू नकोस. 'तू दुक' आणि 'मिन्ह मांग' या दोन राजांच्या पुरेत. मोकळ्या दिवशी यातलं काहीही सोडून नुसती नदीकाठी बसलीस तरी चालेल.

हुए ते दा नांग हा प्रवास दिवसाच आणि रेल्वेनंच कर. शंभरेक किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात, कारण गाडी हाय वान घाटाच्या कडेकडेनं समुद्रावरून जाते. डाव्या बाजूची खिडकी माग, समुद्र तिकडे असतो. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून ३० किलोमीटर टॅक्सीनं जायचं. जुलै २०२५ मध्ये तिथले प्रांत ६३ वरून ३४ झाले आणि होई आन प्रशासनाच्या दृष्टीनं दा नांगमध्ये गेलं. त्यामुळे खोली शोधताना 'दा नांग' लिहिलेलं ठिकाण प्रत्यक्षात होई आनला असू शकतं, आणि उलटही. पत्ता वाचून थांबू नकोस, नकाशावर टाचणी कुठे आहे ते बघ.

होई आनहून 'मी सन' हे जुन्या मंदिरांचं ठिकाण नक्की कर. साधारण ४० किलोमीटर. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून पुढे कित्येक शतकं तिथे शिवमंदिरं बांधली, विटांची, डोंगरांच्या कुशीत. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मोठा भाग पडला. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथल्या काही मंदिरसमूहांचं जतनकाम केलं, आणि ते चालू असताना २०२० मध्ये एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. पहाटे निघणाऱ्या गटासोबत जा. नऊनंतर ऊनही वाढतं आणि बसेसही येतात.

आता पैसे. चलन डोंग. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग धर. किमतीतली शेवटची तीन शून्यं काढून तिनानं गुण आणि वर थोडं धर: एक लाख डोंग म्हणजे तीनशेपेक्षा थोडे जास्त रुपये. पाट्यांवर हजारासाठी '५०के' असं लिहितात. लक्ष ठेवायचं ते नोटांवर. सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा, आणि २०,००० व ५,००,००० या दोन्ही निळ्या. दिवसा फरक कळतो, पण रात्री टॅक्सीच्या अंधारात दोन्ही सारख्याच वाटतात, आणि चूक झाली तर पंचवीसपट पैसे जातात. २०,००० च्या मागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे. माझी पद्धत अशी: पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवायच्याच नाहीत, त्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या फक्त खोलीचं भाडं देताना काढायच्या. एटीएम दर वेळी शुल्क कापतं आणि बऱ्याच यंत्रांतून एका वेळी वीस-तीस लाखच डोंग निघतात, म्हणून सतत थोडे थोडे काढू नकोस. दोन कार्डं ने, दोन वेगळ्या जागी ठेव. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा त्या सिमवर परदेशात एसएमएस येईल अशी सोय करून निघ. ग्रॅब हे टॅक्सीचं अॅपही घरीच उतरवून नंबर पडताळून ठेव. तिथे पोचून नवं सिम घातल्यावर हे करायला बसलीस तर अडकशील.

शाकाहारी असशील तर 'चाय' एवढा शब्द पाठ कर, पाटीवर तो रोमन लिपीत सी-एच-ए-वाय असा दिसेल. बौद्ध शाकाहारी खाणावळी प्रत्येक गावात आहेत, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक साध्या ठिकाणीही शाकाहारी जेवण मिळतं. "मांस नको" म्हणून भागत नाही. 'फो' या नूडल्सच्या सूपचं पाणीच हाडांचं असतं, आणि माशाचा सॉस भाजीतही पडतो. नळाचं पाणी पिऊ नकोस.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट सांगते. व्हिएतनाममध्ये एकट्या बाईनं फिरणं नवलाचं नाही, छेडछाडीचा त्रासही तुलनेनं कमी. धोके दोन. एक, स्कूटरवरून येऊन फोन किंवा पर्स ओढून नेणं, विशेषतः सायगॉनमध्ये. फूटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघायचा नाही, दुकानाच्या दारात आत सरकून बघायचा. पर्स रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. दुसरा धोका भाड्याची स्कूटर. दुकानदार परवाना न बघता किल्ली हातात देतो, पण तिथे ग्राह्य असलेला परवाना नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा हात वर करतो. तुझ्या मार्गात स्कूटरशिवाय काहीच अडत नाही. ग्रॅबच्या मोटरसायकलवर मागे बस, हेल्मेट घाल. पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. होस्टेलवाले परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करतात म्हणून पासपोर्ट मागतील. नोंद झाली की लगेच परत मागून घे, ठेवून घेऊ देऊ नकोस.

सॅक ३५ ते ४० लिटरची पुरे. हनोईत हलकं जाकीट लागेल आणि सायगॉनमध्ये पस्तीस अंशांचा उकाडा असेल, म्हणून जाड एक कपडा नेण्यापेक्षा पातळ तीन थर ने. चार दिवसांचे कपडे घे, धुणं किलोवर सगळीकडे स्वस्तात मिळतं. रेनकोट हवाच. डासांसाठी मलम, कारण डेंगी तिथे आहे.

आणि एक गोष्ट जी आराखड्यात कुणी लिहीत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी, बहुधा हुएलाच, एखादी संध्याकाळ जड जाईल. जेवायला समोर कुणी नाही, पाऊस भुरभुरतोय, आणि "कशाला आले" असं वाटेल. मी ज्यांना मार्ग आखून दिले त्यांतल्या बहुतेकांचे निरोप याच टप्प्यावर आले आहेत. त्या संध्याकाळी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस, तिकीट बदलू नकोस. चारचौघांत बसून करायचं काहीतरी आधीच हेरून ठेव: स्वयंपाकाचा वर्ग, पायी फिरवणारा गट, होस्टेलचं एकत्र जेवण. सकाळ झाली की बहुतेक वेळा हे ओसरलेलं असतं.

आई-बाबांसाठी एका पानाचा कागद कर. त्यावर रोजची रात्र कुठे, त्या जागेचा फोन, गाडी आणि विमानाचे क्रमांक, विम्याचा क्रमांक, हनोईतल्या भारतीय दूतावासाचा फोन. रोज ठरावीक वेळी दोन ओळींचा निरोप पाठवायचं ठरव, पण वेळ रात्रीची ठेवू नकोस, सकाळची ठेव. रात्री नेटवर्क गेलं किंवा तू लवकर झोपलीस की घरचे रात्रभर जागतात. निन्ह बिन्हहून निघशील त्या रात्री "उद्या दुपारपर्यंत निरोप येणार नाही" हे आधीच सांगून ठेव. सायगॉनमधली शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूच्या वस्तीत घे. तान सोन न्यत विमानतळ शहरातच आहे, पण संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, तेव्हा विमानाच्या चार तास आधी निघ आणि उरलेले डोंग आत जाण्यापूर्वीच बदलून घे.